‘वॉटरप्रूफ’ रिसीव्हर भिजून गेला. विक्रेता म्हणतो, पाणी वॉरंटीत नाही

प्रश्न : मी म्हापशाजवळ राहतो. रिमोटवर चालणाऱ्या बोटी बनवण्याचा छंद आहे. ऑनलाइन बाजारपेठेवरून दिल्लीच्या एका विक्रेत्याचे सहा चॅनेलचे (म्हणजे सहा वेगवेगळ्या आज्ञा झेलणारे) तीन रिसीव्हर घेतले, प्रत्येकी २,४५० रुपये. रिसीव्हर म्हणजे रिमोटच्या आज्ञा पकडून बोटीपर्यंत पोचवणारी छोटी पेटी. एक माझ्या बोटीत बसवला, दोन मित्रांसाठी आहेत, ते अजून पाकिटातच आहेत. पानावर ‘१०० टक्के वॉटरप्रूफ, बोटीसाठी उत्तम’ असं लिहिलं होतं. खाजनात (खाडीकाठच्या बांध घातलेल्या खाऱ्या जमिनीत) मानशीजवळ, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडण्याच्या दारापाशी, बोट चालवताना वळणावर तिचं नाक पाण्यात गेलं आणि आत पाणी शिरलं. मग ती रिमोटचं ऐकेना, सहा-सात सेकंद पूर्ण वेगात सरळ धावून बांधाच्या दगडांवर आपटली. बाहेर काढली तेव्हा रिसीव्हरचा दिवा बंद होता, दुसऱ्या दिवशी पिना हिरव्या पडल्या. विक्रेता म्हणतो, ‘पाण्याने झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही’. बिलावर ‘वाद फक्त दिल्लीच्या न्यायालयात’ असंही छापलं आहे. रिसीव्हरचे पैसे आणि बोटीच्या दुरुस्तीचे नऊ हजार मिळतील का?

उत्तर : रिसीव्हरचे पैसे मिळण्याची शक्यता चांगली आहे. बोटीचे नऊ हजार मिळवणं मात्र कठीण आहे. कारण तुमच्याच वर्णनात आहे, त्याकडे नंतर येतो.

सर्वांत आधी एक काम करा, खरं तर एक काम करू नका. भिजलेला रिसीव्हर गोड्या पाण्याने धुणं, अल्कोहोलने पुसणं, झाकण उघडून पाहणं ही छंदवाल्यांची पहिली सवय. बोट वाचवायला ती योग्य आहे, दावा वाचवायला घातक. झाकण उघडलंत की समोरचा म्हणणार, ‘ग्राहकाने स्वतः खोललं’. बॅटरी वेगळी केली नसेल तर आत्ताच करा, रिसीव्हर आहे तसा स्वच्छ डब्यात ठेवा, चारी बाजूंनी आणि पिनांचे जवळून फोटो काढा. पाकिटातल्या दोन रिसीव्हरना तर हातच लावू नका. तुमच्या बाजूचा सर्वांत मोलाचा पुरावा तेच आहेत. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ३८ नुसार तपासणीशिवाय दोष ठरवता येत नसेल तर ग्राहक आयोग नमुना सीलबंद करून योग्य प्रयोगशाळेकडे पाठवतो आणि प्रयोगशाळेने ४५ दिवसांत अहवाल द्यायचा असतो. गंजलेल्या तुकड्यावरून ‘दोष मुळातला की वापरातला’ हा वाद संपत नाही. त्याच खरेदीतला न वापरलेला नग पाण्यात बुडवून पाहिला तर उत्तर लगेच मिळतं. तपासणीचा खर्च आधी तुम्हाला भरावा लागेल, हे लक्षात ठेवा.

आता ‘वॉटरप्रूफ’ या शब्दाकडे. पाणी आणि धुळीपासूनच्या संरक्षणाची मोजणी आयईसी ६०५२९ या मानकाच्या आयपी कोडने होते. आयपीएक्स४ म्हणजे फक्त शिंतोडे सोसणं. आयपीएक्स७ म्हणजे एक मीटर पाण्यात तीस मिनिटं बुडवूनही नुकसान होईल इतकं पाणी आत न जाणं. आयपीएक्स८ त्याच्याही पुढचं, पण किती खोल आणि किती वेळ हे उत्पादक सांगतो, म्हणून ते आकडे नसतील तर नुसत्या ८ ला अर्थ नाही. तुमच्या पाकिटावर, माहितीपत्रकात किंवा विक्रीच्या पानावर यातलं काही आहे का ते बारकाईने पाहा. कोड नसेल आणि नुसतं ‘१०० टक्के वॉटरप्रूफ’ असेल तर ते तुमच्याच पथ्यावर पडतं : विक्रेत्याने मर्यादा घातली नाही, उलट बोटीसाठी असल्याचं सांगून विकलं. पण कुठेतरी बारीक अक्षरांत आयपीएक्स४ छापलेलं निघालं तर ‘आम्ही शिंतोड्यांपुरतंच म्हटलं होतं’ असा बचाव येईल. तरीही ठळक अक्षरांत एक आणि बारीक अक्षरांत दुसरं, असं असेल तर दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीचा मुद्दा उभा राहतो.

दुसरा बचाव खाऱ्या पाण्याचा असेल, आणि तो पोकळ नाही. आयपीची बुडवण्याची चाचणी गोड्या पाण्यात होते, गंज तिच्या कक्षेत येत नाही. खाजनातलं पाणी मचूळ, उन्हाळ्यात तर चांगलंच खारट. त्यात आणखी एक गोष्ट : रिसीव्हरचं सर्किट राळेत पूर्ण बुजवलेलं असलं तरी सर्व्होच्या (सुकाणू वळवणाऱ्या छोट्या मोटरच्या) तारा जोडायच्या पिना बहुधा उघड्याच असतात. खाऱ्या पाण्यात पाच-सहा व्होल्ट असलेली पिन आणि शेजारची पिन यांच्यात विद्युत् विघटन सुरू होतं आणि तांबं हिरवं पडतं. म्हणून हिरव्या पिनांचा फोटो एकटाच पुरेसा नाही, तो बाहेरचा गंजही असू शकतो. आतल्या सर्किटपर्यंत पाणी गेलं होतं का, हा खरा प्रश्न आहे, आणि तो सीलबंद नगाच्या चाचणीतून सुटेल. चाचणी गोड्या पाण्यातच व्हावी अशी मागणी अर्जात करा, म्हणजे खारटपणाचा मुद्दा आपोआप बाजूला पडेल.

‘पाणी वॉरंटीत नाही’ हे वाक्य मला फारसं भीतीदायक वाटत नाही. वस्तूचं वर्णन करून ती विकली असेल तर ती वर्णनाप्रमाणे असली पाहिजे, ही वस्तू विक्री कायदा, १९३० च्या कलम १५ मधली अट आहे. वॉटरप्रूफ म्हणून विकायचं आणि पाणी वॉरंटीबाहेर ठेवायचं, हे एकाच दाराने आत घेऊन दुसऱ्याने बाहेर काढण्यासारखं झालं. सदोष वस्तू बिलातल्या मुदतीत, किंवा मुदत नसेल तर तीस दिवसांत परत घ्यायला नकार देणं ही २०१९ च्या कायद्याच्या कलम २(४७) नुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. तुम्ही तक्रार पहिल्यांदा कोणत्या तारखेला पाठवली, ते म्हणून महत्त्वाचं.

दिल्लीच्या ओळीने घाबरू नका. २०१९ च्याच कायद्याच्या कलम ३४ नुसार तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते आणि बिलावरच्या छापील ओळीने हा हक्क जात नाही. बार्देस तालुका असल्याने तुमच्यासाठी उत्तर गोवा जिल्हा आयोग. मोबदला, म्हणजे वस्तूसाठी भरलेली किंमत, पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही. तक्रार करायची मुदत दोन वर्षांची. मित्रांसाठीचे दोन नग तुम्ही नफ्याने विकणार असाल तर ‘व्यापारी हेतू’चा, म्हणजे तुम्ही ग्राहकच नाही असा, आक्षेप येऊ शकतो. खरेदीच्याच किमतीत देणार असाल तर मित्रांकडून तसं दोन ओळींत लिहून घ्या.

बोटीच्या नऊ हजारांकडे येतो. बहुतेक स्पीड कंट्रोलर (मोटरचा वेग सांभाळणारा भाग) रिसीव्हरकडून सिग्नल येणं थांबलं की मोटर बंद करतात. म्हणजे रिसीव्हर पाणी शिरताक्षणी मेला असता तर बोट बहुधा थांबली असती. ती सहा-सात सेकंद पूर्ण वेगात धावली, याचा संभव असा की रिसीव्हर जिवंत होता, अँटेना पाण्याखाली गेल्याने त्याला रिमोट ऐकू येईना आणि त्याने शेवटची आज्ञा धरून ठेवली. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी पाणी शोषून घेतं, खारं पाणी तर फारच. सिग्नल गेल्यावर मोटर थांबवण्याची सोय म्हणजे फेलसेफ, आणि ती बऱ्याच रिसीव्हरमध्ये जोडणी करताना वापरणाऱ्यालाच ठरवावी लागते. तुम्ही ती ठरवली नसेल आणि माहितीपत्रकात सूचना असेल तर विक्रेता नेमकं हेच पुढे करणार, आणि बरोबरही असेल. सूचनाच नसेल तर मात्र बोटीचा दावा जिवंत राहतो. माहितीपत्रक वाचून मगच हा आकडा तक्रारीत घाला, दुरुस्तीचं लेखी कोटेशन जोडा, आणि त्यावर अडून बसू नका.

क्रम असा ठेवा. विक्रीचं पान आजच पत्ता आणि तारीख दिसेल अशा रीतीने जतन करा, कारण पान बदललं जातं. ऑर्डर, बिल, विक्रेत्याशी झालेले लेखी संवाद, सगळं एकत्र ठेवा. इलेक्ट्रॉनिक कागदांसोबत भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ चं, इलेक्ट्रॉनिक नोंदींना पुरावा म्हणून लागणारं प्रमाणपत्र जोडलेलं बरं. मग बाजारपेठेच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा : ४८ तासांत पोच आणि एका महिन्यात निवारण, असा ई-कॉमर्स नियम, २०२० चा दंडक आहे. त्याच पत्रात विक्रेत्याचा पूर्ण पत्ता मागा. लेखी मागितल्यावर तो देणं त्यांना बंधनकारक आहे, आणि पत्त्याशिवाय नोटीस जाणार कुठे? तोवर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा, अडीच हजारांचे वाद बऱ्याचदा तिथेच मिटतात. नाही मिटला तर विक्रेता आणि बाजारपेठ दोघांना स्पीड पोस्टाने पंधरा दिवसांची नोटीस, त्यानंतर ग्राहक आयोगांच्या ई-जागृती पोर्टलवरून तक्रार. मागणी नेमकी लिहा : तिन्ही नगांचे ७,३५० रुपये व्याजासह, तपासणीचा खर्च, मनस्तापाची माफक रक्कम. फुगवलेले आकडे पाहिले की आयोगाचा विश्वास उडतो.

पुढचा रिसीव्हर घेताना पैसे भरण्याआधी विक्रेत्याला लेखी विचारा : माझ्या रिमोटच्या प्रोटोकॉलशी (सिग्नलच्या भाषेशी) जुळतो का, आयपी कोड किती, पिनांनाही तो लागू आहे का, खाऱ्या पाण्यात चालेल का, फेलसेफ प्रत्येक चॅनेलला वेगळा ठरवता येतो का. उत्तर आलं की ते लेखी आश्वासन झालं, उत्तर टाळलं तर तेही उत्तरच. बसवताना रिसीव्हर बोटीत जितका उंच ठेवता येईल तितका ठेवा, तारा खालून आणून एक वळसा द्या म्हणजे थेंब पिनांकडे घसरणार नाही, पिनांच्या खाचांत डायइलेक्ट्रिक (वीज न वाहू देणारं) ग्रीस भरा. फुग्यात गुंडाळायची जुनी युक्ती चालते, पण आतल्या दमट हवेचं पाणी होतं, म्हणून घरी आल्यावर फुगा काढाच. अँटेनाचं शेवटचं ३१ मिलिमीटर उघडं टोक पाण्याच्या रेषेच्या वर, नळीत उभं. आणि पहिल्यांदा पाण्यात सोडण्याआधी बोट स्टँडवर ठेवून मोटर चालू असताना रिमोट बंद करून पाहा. मोटर थांबली नाही, तर त्या दिवशी बोट पाण्यात जाणार नाही.