मार्खा खोऱ्यासाठी सिंहगडाचा सराव पुरेल का?

प्रश्न : माझे वय ४६ असून गेली सहा वर्षे मी दर रविवारी सिंहगड चढतो. ऑगस्टमध्ये लडाखमधील मार्खा खोऱ्याचा ट्रेक करायचा आहे. मात्र प्रवास धरून आठच दिवसांची रजा आहे. विमानाने लेहला उतरून दुसऱ्याच दिवशी चालायला लागावे का?
– एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : मुळीच लागू नये. सिंहगडाने आपले पाय आणि दम तयार केला आहे, परंतु विरळ हवेची सवय पुण्यात राहून होत नाही. सिंहगडाचा माथा सुमारे १,३०० मीटरवर, लेह शहरच सुमारे ३,५०० मीटरवर, आणि या वाटेवरची कोंगमारू ला ही खिंड ५,२०० मीटरच्या आसपास आहे. तेथे प्रत्येक श्वासातून मिळणारा प्राणवायू समुद्रसपाटीच्या जवळजवळ निम्मा असतो. उंचीचा त्रास धडधाकट माणसालाही होतो, आणि दमदार ट्रेकर डोकेदुखी अंगावर काढत भरभर चढतो, म्हणून मला त्याचीच अधिक काळजी वाटते.

लेहमध्ये किमान तीन रात्री काढाव्यात. पुढे मुक्कामाची उंची रोज साधारण ५०० मीटरहून अधिक वाढू देऊ नये. स्क्यू, मार्खा, हांकर या गावांपर्यंत हे सहज जमते. मात्र हांकर ते निमालिंग ही चढण सुमारे ८०० मीटरची असल्याने मध्ये थाचुंगत्सेला मुक्काम करावा. चालताना तोल जाऊ लागला किंवा बसल्या जागी धाप लागली, तर रात्र असली तरी खाली उतरावे.

या भागात वर्षाला जेमतेम १०० मिलिमीटर पाऊस पडतो, तरीही पाण्याला कमी लेखू नये. सकाळी घोटाभर असलेला ओढा सायंकाळी गुडघ्याच्या वर वाहताना मी पाहिला आहे, कारण उन्हाने वितळलेले बर्फ दुपारनंतर खाली पोहोचते. ओढे सकाळीच ओलांडावेत.

मुक्काम गावातल्या घरीच करावा. तेथील कोरड्या शौचालयात पाणी न ओतता फावडेभर माती टाकावी, कारण त्याचेच पुढे शेताला खत होते. वाटेत मंत्र कोरलेल्या दगडांची मणी भिंत लागली, की ती आपल्या उजव्या हाताला ठेवून पुढे जावे.

हे सारे आठ दिवसांत बसणार नाही. रजा वाढत नसेल, तर यंदा शाम खोऱ्यातील लिकीर ते तेमिसगाम ही तीन दिवसांची वाट करावी. तिच्यावरचे सर्व मुक्काम ४,००० मीटरच्या खाली आहेत, आणि लेहमधील तीन रात्रीही त्यात निभावतात.