टाइम-आउटच्या ३० सेकंदांत

चि. बाळास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालास, "सर, शिवी दिल्याशिवाय ही पोरं हलतच नाहीत." मी तेव्हा काही बोललो नाही. तू तुझ्या कबड्डी संघाचा सराव घेत मैदानावर होतास, मागे पोरांचा गलका चालला होता, आणि हा विषय दोन मिनिटांत उरकण्यासारखा नव्हता. म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी माझं सांगतो. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी जिल्हास्तरावर १७ वर्षांखालील मुलांच्या कबड्डीची उपांत्य फेरी होती. डाव्या कोपऱ्यावर नववीतला एक मुलगा उभा केला होता. अंगानं किडकिडीत, पण घोट्याला हात घातला की सोडायचा नाही. त्या दिवशी त्यानं घाई केली. चढाईपटूचा पाय बोनस रेषेकडे येतोय न येतोय तोच हा झेपावला, हुकला, गुण गेला. मी बाकावरून उठलो आणि त्याला आईवरून शिवी हासडली. मैदानभर ऐकू गेली.

पुढच्या चढाईला मी त्याच्याकडेच बघत होतो. कोपऱ्यावरच्या खेळाडूची नजर चढाईपटूच्या पायांवर हवी, हे तुला सांगायला नको. त्याची नजर माझ्यावर होती. समोरचा मध्यरेषा ओलांडून आत आला, तरी त्याचे डोळे एकदा बाकाकडे वळून गेले. त्यानंतर सामना संपेपर्यंत त्यानं झेप घेतली नाही. समोरच्या संघाला ते कळायला वेळ लागला नाही. त्याच बाजूनं ते बोनस गुण उचलत राहिले. आम्ही ४ गुणांनी हरलो.

त्याची आई त्या दिवशी मैदानावर आली होती. सगळ्या संघासाठी भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी बांधून आणली होती तिनं. सामना संपल्यावर तिनं मलाही भाकरी दिली, मी ती खाल्ली. तिनं शिवी ऐकली होती का, हे विचारायचं धाडस मला आजवर झालेलं नाही.

नंतर कितीतरी दिवस एकच गोष्ट मनात घोळत राहिली. त्या शिवीतून त्या पोराला खेळाचं काय कळलं? "थांब, पाय जमिनीला टेकू दे, मग हात घाल." एवढं सांगायला तीन सेकंद लागतात. शिवीलाही तेवढेच लागतात. कबड्डीत आपल्याला पूर्वार्धात दोन आणि उत्तरार्धात दोन टाइम-आउट मिळतात, प्रत्येकी ३० सेकंदांचे. पोरं धापा टाकत येतात, पाण्याच्या बाटलीवर तुटून पडतात. त्या गडबडीत दोन वाक्यं डोक्यात शिरली तरी पुष्कळ. त्यातलं एक वाक्य तू शिवीवर घालवलंस तर उरलं काय?

अमेरिकेतले बास्केटबॉल प्रशिक्षक जॉन वूडन यांचं नाव तू ऐकलं असशील. त्यांच्या संघानं १२ वर्षांत १० वेळा विद्यापीठांचं राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. त्यांच्या सरावात शिवीला मुळीच थारा नव्हता. ज्यानं शिवी दिली त्याचा त्या दिवशीचा सराव संपला. १९७४-७५ च्या मोसमात दोन संशोधक त्यांच्या सरावाला जाऊन बसले आणि वूडन काय काय बोलतात याची नोंद करत राहिले. त्यांच्या बोलण्यातला जवळजवळ तीन चतुर्थांश भाग निव्वळ माहितीचा निघाला: काय कर, कसं कर, कधी कर. कौतुक थोडं, रागावणंही थोडं. मी हे वाचलं तेव्हा मला त्या डाव्या कोपऱ्याचीच आठवण झाली.

आवाज चढवू नकोस, असं मी म्हणत नाही. कबड्डीच्या मैदानावर आवाज चढणारच. पोरगं आळस करत असेल तर खडसाव, वेळेवर येत नसेल तर बाहेर बसव. तुझा स्वतःचा पाय मुरगळला आणि तोंडातून "च्यायला" निघालं, तर त्याचाही मी बाऊ करणार नाही. पण मुलाच्या तोंडावर, त्याला उद्देशून, त्याच्या आईबहिणीवरून काही बोलायचं नाही. जातीवरून तर चुकूनही नाही. तो गुन्हा आहे, आणि गुन्हा नसता तरी मी तुला हेच सांगितलं असतं.

आणखी एक शब्द आहे, ज्याला आपण शिवी समजतच नाही. "बांगड्या भरा हातात!" मी स्वतः हे ऐकत मोठा झालो, तूही झालास. मुलं हरली की हे ठरलेलं वाक्य. त्याच मैदानाच्या दुसऱ्या टोकाला आपल्या मुली खो-खोचा सराव करत असतात आणि त्यांना ते स्पष्ट ऐकू जातं. २०१८ च्या जकार्ता आशियाई क्रीडा स्पर्धेत इराणच्या मुलींनी कबड्डीच्या अंतिम सामन्यात भारताला २७-२४ असं हरवून सुवर्ण जिंकलं. त्यांच्या प्रशिक्षक होत्या आपल्या नाशिकच्या शैलजा जैन. परक्या देशात, परक्या भाषेच्या मुलींना घेऊन त्यांनी हे केलं. त्यांच्याच महाराष्ट्रात आपण पोरांना कमी लेखायला बांगड्यांचं नाव घ्यावं, याची मला फार लाज वाटते. हे वाक्य तुझ्या मैदानावरून कायमचं जाऊ दे.

तू म्हणशील, गावाकडं बोलायची पद्धतच अशी आहे, पोरं घरीही हेच ऐकतात. खरं आहे. पण अहिल्यानगर जिल्ह्यातल्या नेवासा तालुक्यातलं सौंदाळाही गावच आहे. तिथल्या ग्रामसभेनं २०२४ च्या नोव्हेंबरात ठराव केला की आईबहिणीवरून शिवी देणाऱ्याला ५०० रुपये दंड. गावानं मनावर घेतलं तर गावही बोलण्याला लगाम घालू शकतं. तुझ्या हाताखाली तर जेमतेम बारा-पंधरा मुलं आहेत.

आणि त्या मुलांचं किती काय तुझ्या हातात आहे, ते बघ. संघाची यादी तू करतोस. दहावीला खेळाचे वाढीव गुण हवे असतील तर ती वाट तुझ्या मैदानावरून जाते. घरी बाप शिवी देतो तेव्हा पोरगं निदान रुसतं, उलट बोलतं. तुझ्यापुढे ते गप्प उभं राहतं, आणि तुला वाटतं त्याला काही वाटलं नाही. कायद्याचं म्हणशील तर शिक्षण हक्क कायद्याचं १७ वं कलम वाचून ठेव. मारहाणीबरोबर मानसिक छळालाही त्यात बंदी आहे, आणि तुझी सातवी-आठवीची पोरं त्यातच येतात.

सवय मोडायला मला दोन मोसम लागले. राग आला की मी शिट्टी दातात घट्ट धरायचो. शिट्टी तोंडात असली की शब्द बाहेर येत नाही, आणि तेवढ्यात काय सांगायचंय ते सुचतं. तरीही एकदा तोंड सुटलंच. दुसऱ्या दिवशी सगळा संघ गोल बसवून, सगळ्यांदेखत त्या मुलाची माफी मागितली. शिवी चारचौघांत दिली होती, माफी खोलीत बोलावून मागणं बरोबर वाटलं नसतं. आपला वचक जाईल अशी भीती वाटत होती. तसं काही झालं नाही. उलट त्या आठवड्यात पोरं एकमेकांनाही जपून बोलायला लागली.

तालुक्याच्या सामन्यांना अजून वेळ आहे. एक वही कर. प्रत्येक सराव सामन्यानंतर टाइम-आउटमध्ये तू नेमकं काय बोललास ते शब्दशः लिही, चुकलेलंही लिही. दिवाळीत घरी येशील तेव्हा ती घेऊन ये, आपण दोघं बसून वाचू. आणि यंदा डाव्या कोपऱ्यावर कोणाला उभं करणार आहेस, ते मात्र लगेच कळव.

तुझा,
सर