विचारा की! : पोरगी चौदाची, पाळणे सिंगापूरचे

प्रश्न : नमस्कार. माझी मुलगी 14 वर्षांची आहे, नववीची परीक्षा एप्रिलमध्ये संपते आणि मग दहावी, म्हणजे पुढचं वर्षभर कुठे जाणं नाही हे घरात सगळ्यांना माहितीये, म्हणून यंदा तिला सिंगापूरला युनिव्हर्सल स्टुडिओजला, म्हणजे सिनेमांवरच्या राइड्सच्या पार्कात, न्यायचं ठरवलंय. जत्रेतला पाळणा सोडला तर आम्ही कोणीच असं काही बघितलेलं नाही. मिस्टरांना तर पाळण्यातही गरगरतं. एका टूरवाल्याने 5 रात्रींचं पॅकेज दिलंय पण पोरगी म्हणते झेंड्यामागे फिरायचं असेल तर मी रूमवरच बसते. हल्ली तशीही काही विचारलं की 'चालेल' एवढंच उत्तर येतं. एवढे पैसे घालून तिथे जाऊन तोंड पाडून बसली तर काय करायचं? टूरने जावं की आपलं आपण? तिला मामेबहिणीला पण न्यायचंय, ते करावं का? – एक आई, नाशिक

उत्तर : ताई, शेवटच्या प्रश्नापासून सुरू करते. मामेबहिणीला न्या. खर्च वाढतो हे कबूल (तो मामाने उचलावा, त्यात संकोच कसला), पण तुमचे मिस्टर राइडमध्ये बसणार नाहीत, तुम्ही दोन राइडनंतर कंटाळाल, मग ती पोर एकटीच रांगेत उभी राहणार आणि उतरल्यावर 'अगं काय होतं ते' म्हणायला शेजारी कोणी नसणार. फक्त दुसऱ्याची अल्पवयीन मुलगी परदेशात नेताय तर तिच्या आईवडिलांचं सहीचं संमतीपत्र आणि त्यांच्या पासपोर्टच्या कॉपी जवळ ठेवा, विचारतीलच असं नाही पण विचारलं तर इमिग्रेशनच्या खिडकीत घाम फुटायला नको. आणि दोघींचे पासपोर्ट आत्ताच कपाटातून काढून तारीख बघा. लहान मुलांचा पासपोर्ट साधारण 5 वर्षांचाच असतो, नववीतल्या पोरीचा चौथीत काढलेला पासपोर्ट संपलेला असतो किंवा संपत आलेला असतो, आणि प्रवासाच्या तारखेपासून पुढे 6 महिने तरी शिल्लक लागतात.

आता टूर की आपलं आपण. माझं स्पष्ट मत, सिंगापूरसाठी टूर लागत नाही. इंग्रजी चालतं, मेट्रोच्या पाट्यांवर तर तमिळही असतं, टॅक्सीवाला फसवत नाही. व्हिसा तेवढा अधिकृत एजंटकडून करून घ्यावा लागतो, तो नाशिकमध्ये बसून होतो. पोचायच्या आधीच्या 3 दिवसांत एसजी अरायव्हल कार्ड, म्हणजे तिथे उतरणाऱ्यांचा माहितीचा फॉर्म, ऑनलाइन भरायचा, ते फुकट असतं, सरकारी साइटसारख्या दिसणाऱ्या साइट्स त्याचे पैसे घेतात त्यांच्या नादी लागू नका. टूरमध्ये अडचण काय होते सांगू का, चाळीस माणसं, नाश्ता, हजेरी, बस, यात पार्कात पोचेपर्यंत 11 वाजतात आणि संध्याकाळी पुन्हा बसची वेळ, म्हणजे जो दिवस पोरीचा असायला हवा तो गाइडच्या घड्याळाचा होतो. टूर घ्यायचीच असेल (काही जणांना जेवणाची चिंता नको असते, तेही खरंच आहे) तर मग युनिव्हर्सलचा दिवस टूरमधून वगळून घ्या आणि तो आपला आपण करा.

तारीख. हे लोक विसरतात म्हणून जरा लांबड लावते. सिंगापूरच्या शाळांची मोठी सुट्टी मेच्या शेवटी सुरू होते आणि जूनभर असते, त्यामुळे आपण 'जूनला शाळा सुरू व्हायच्या आधी जाऊ' म्हणून शेवटच्या आठवड्यात गेलो की तिथली पोरंही रांगेत असतात. तुम्हाला तर दहावीची व्हेकेशन बॅच पण असेल, तेव्हा परीक्षा संपल्या संपल्या, एप्रिलचा शेवट किंवा मेचा पहिला-दुसरा आठवडा बघा. 1 मे टाळा, आपला महाराष्ट्र दिन तसा त्यांचा कामगार दिन, सुट्टी असते. बहुतेक वर्षी मेमध्येच वेसाक म्हणजे बुद्धपौर्णिमेचीही सुट्टी येते. मंगळवार किंवा बुधवार धरा आणि सहलीच्या शेवटच्या दिवशी पार्क ठेवू नका, का ते खाली पावसात येईल.

तिकीट काढताना एक धक्का बसेल. तिथे 4 ते 12 वयापर्यंत लहान मुलांचं तिकीट, 13 पूर्ण झाले की मोठ्यांचं. दोन्ही मुली मोठ्यांमध्ये. आणि मिस्टर काही चढणार नसले तरी आत यायला तिकीट लागतंच, तेव्हा ते खरंच येणार आहेत का हे आधी विचारा, त्यांना सेंटोसाच्या (पार्क ज्या बेटावर आहे त्याच्या) बीचवर सावलीत पुस्तक घेऊन बसायला जास्त आवडेल असं मला उगाच वाटतंय. एक्सप्रेस पास म्हणजे रांग टाळायचा जादा पास, त्याची किंमत दिवसाच्या गर्दीप्रमाणे बदलते, मधल्या वारी गेलात आणि दार उघडताना हजर असाल तर तो घेऊ नका. त्या पैशात दोघी पोरी दोन दिवस खरेदी करतील.

आता दिवस आखायचा कोणी? तुम्ही नाही. मी हा घोळ स्वतः घातलाय म्हणून सांगते. माझा मुलगा 13 चा असताना मी एक्सेल शीट केली होती, 10 ते 10.40 अमुक, 10.40 ते 11.15 तमुक, रंग वगैरे भरून, प्रिंट काढून. पहिला अर्धा तास मी त्या गोल फिरणाऱ्या पृथ्वीच्या गोळ्यापुढे फोटो काढण्यात घालवला, पोरगा प्रत्येक फोटोत दात दुखल्यासारखा. दुपारी दोनपर्यंत आम्ही एकमेकांशी बोलत नव्हतो. शेवटी मी बाकड्यावर बसले आणि म्हटलं जा तुला हवं तिथे, पाचला इथे ये. त्याने चष्मा काढून माझ्या हातात दिला, सॅक दिली, ओला टीशर्टही दिला आणि पळाला. मी दोन तास तो ओला टीशर्ट मांडीवर वाळवत, चष्मा हातात धरून बसलेली, आणि हा एकच कोस्टर, म्हणजे रुळांवरून वरखाली सुसाट धावणारी गाडी, चार वेळा करून आला, केस उभे, आणि आल्यावर जो बोलायला लागला तो परतीच्या मोनोरेलमध्येही थांबेना, शेजारचे लोक बघायला लागले.

तर नकाशा पोरीला द्या, ॲप तिच्या फोनवर टाका, वेळा तिने काढायच्या. तुम्ही फक्त दोन गोष्टी सांगायच्या, किती वाजता भेटायचं आणि किती पैसे. आत हरवायची भीती बाळगू नका, पार्क अवघं 20 हेक्टरचं आहे, मधे तळं आणि त्याच्या भोवती गोलात सगळे विभाग, चालत राहिलं की माणूस जिथून निघाला तिथेच येतो. आमच्या गोदाघाटाच्या जत्रेत पोर हरवायचा धोका याहून जास्त. (हो, मीही नाशिकचीच.)

तरी तिला हे एवढं सांगून ठेवा. दार उघडलं की आधी साय-फाय सिटी हा विभाग गाठायचा. तिथे बॅटलस्टार गॅलॅक्टिका नावाचे दोन कोस्टर एकमेकांत गुंतलेले आहेत. लाल रुळांचा ह्यूमन, त्यात बसून जायचं, उलटं होत नाही पण वेग ताशी 90 किलोमीटर. निळ्याचं नाव सायलॉन, त्यात रूळ डोक्यावर आणि पाय खाली लोंबकळत, आणि मधे पाच वेळा उलटं. उंची दोन्हीला 125 सेंटिमीटर लागते, तुमच्या पोरींना तो प्रश्न नाही. पहिल्यांदाच बसणाऱ्याने लाल आधी करावा, तो झेपला तर निळा. खिशातलं सगळं लॉकरमध्ये टाकावं लागतं, लॉकर ठरावीक वेळ फुकट, नंतर पैसे, त्यामुळे रांग लांब असेल तर बॅगा तुमच्याकडेच राहू देत, आईचा उपयोग काय मग! मग ट्रान्सफॉर्मर्स, ती गॉगल लावून थ्रीडीत हलवणारी राइड. मग पार्कातल्या इजिप्त विभागातली ममी, अंधारातला कोस्टर, आणि मधेच उलट्या दिशेने जातो हे तिला आधी सांगू नका, त्यातच मजा आहे. काही राइड्सना एकट्याने बसणाऱ्यांची वेगळी रांग असते, सिंगल रायडर म्हणतात, रिकाम्या राहिलेल्या एकेका सीटवर बसवतात, ती भराभर सरकते. दुसऱ्यांदा तीच राइड करायची तर तिथून जा म्हणावं.

ज्युरासिकवाली गोल तराफ्याची राइड जेवणाआधी करा, कारण शेवटी जी घसरण आहे तिच्यात चड्डीपर्यंत भिजायला होतं आणि नंतर एसीत जेवायला बसलं की दात वाजतात. जीन्स नको, पटकन वाळणारे गडद कपडे. मुलींच्या पाळीच्या तारखा तिकीट काढायच्या आधी बघा, तिला विचारूनच, आणि तरीही बॅगेत सोय ठेवा, तारखा काय आपलं ऐकतात थोड्याच. चष्मा असेल तर मागे बांधायची दोरी इथूनच घ्या.

गरगरण्याचं बघा, मी एक साधी परीक्षा सांगते. कसारा घाट. मुंबईला जाताना घाटात हिला मळमळतं का? मळमळत असेल तर कोस्टरपेक्षा ती ट्रान्सफॉर्मर्स जास्त त्रास देईल, कारण डोळ्यांना दिसतं आपण आकाशातून पडतोय आणि शरीर जागच्या जागीच हलत असतं, पोटाला ते पटत नाही. पोट रिकामंही नको आणि भरलेलंही नको, गोळी घ्यायची तर डॉक्टरांना विचारून आणि अर्धा तास आधी, मळमळायला लागल्यावर घेऊन काही होत नाही. आणि 'मी नाही बसणार' असं ती ऐन दारात म्हणाली तर नाही. 'एवढे पैसे भरलेत' हे वाक्य त्या दिवशी तोंडातून काढायचं नाही. प्रत्येक राइडच्या दाराशी परत फिरायची वाट असते, भरपूर लोक फिरतात.

पाऊस. सिंगापूर विषुववृत्ताला चिकटलेलं, दुपारी ढग येतात, कडकडतं, तासाभरात ऊन. वीज चमकत असली की बाहेरच्या राइड्स बंद ठेवतात, म्हणून बाहेरचं सकाळी आणि आतलं दुपारी. म्हणूनच म्हटलं शेवटचा दिवस नको, फारच धुतलं तर दुसऱ्या दिवशी मरिना बे वगैरे मागेपुढे करता येतं. रेनकोट इथून न्या, आत विकतात ते महाग आणि एका वापरात फाटतात.

जायला हार्बरफ्रंट मेट्रो, तिथून व्हिवोसिटी मॉलमधून सेंटोसा एक्सप्रेस मोनोरेल, जाताना तिकीट, येताना फुकट. नाहीतर शेजारच्या लाकडी पुलावरून चालत जा, 10-15 मिनिटं, फुकट आणि छान. मेट्रोत बँकेचं कॉन्टॅक्टलेस कार्ड दाराला टेकवलं की झालं, पण माणशी एक कार्ड लागतं, एकाच कार्डावर चौघं जाता येत नाही, आम्ही तिथेच अडकलो होतो. आणि मेट्रोत चिवड्याची पिशवी उघडू नका, खाण्यापिण्याला 500 सिंगापूर डॉलरपर्यंत दंड आहे. पार्कात बाहेरचं जेवण नेऊ देत नाहीत, पाण्याची बाटली चालते. शाकाहारी असाल तर आत भाव आणि चव दोन्हीची अपेक्षा माफक ठेवा, पोरींना पिझ्झा-फ्राइज चालतीलच, आणि रात्री लिटिल इंडियात सेरंगून रोडला कोमला विलासमध्ये डोसा खा. 1947 पासूनचं आहे ते.

बाकी 'चालेल' चं फार मनाला लावून घेऊ नका. चौदाव्या वर्षी 'चालेल' म्हणजे 'हो, आनंदाने' असंही असतं.

प्रश्न : आमचं बजेट सिंगापूरचं नाही. मुलगा 13 वर्षांचा. इमॅजिका कसं आहे? पावसाळ्यात स्वस्त पडतं म्हणतात, जावं का? एका दिवसात सोलापूरहून जाऊन येता येईल का? – एक बाबा, सोलापूर

उत्तर : दादा, नक्की जा आणि कमीपणा वाटून घेऊ नका. 2013 साली खोपोलीला ते सुरू झालं तेव्हा आम्ही एस्सेलवर्ल्डवाल्या पिढीने नाकं मुरडली होती, पण तिथला नायट्रो नावाचा कोस्टर बघितला आणि गप्प बसलो. 40 मीटर उंच, ताशी 105 किलोमीटर, पाच वेळा उलटं आणि पायाखाली फरशीच नाही. म्हणजे वेगाने तो सिंगापूरच्या लाल कोस्टरला मागे टाकतो, हे वरच्या ताईंच्या पोरीलाही सांगायला हवं. खरं तर त्यांनी सिंगापूरच्या आधी इथेच एक रंगीत तालीम करावी, पोरीला हे आवडतं की नुसतं रील्स बघून वाटतंय ते कळेल.

पावसाळ्याबद्दल माझं मत वेगळं आहे. खोपोलीचा पाऊस म्हणजे घाटाच्या पायथ्याचा पाऊस, धो धो लागला की बाहेरच्या राइड्स थांबवतात आणि तेरा वर्षांच्या मुलाला नेमक्या त्याच हव्या असतात. मग डीप स्पेस आहे, अंधारातला, आतला, मस्त आहे, पण नायट्रो डोळ्यांसमोर आणि बंद, हे त्याला सहन होणार नाही. दिवाळीच्या सुट्टीनंतरचे मधले वार किंवा जानेवारी बघा, शाळेचा एक दिवस बुडाला तर बुडाला. वॉटर पार्कचं तिकीट वेगळं असतं, एका दिवसात दोन्ही करू नका, दोन्हीतलं धड काही होत नाही.

आणि राजासॉरसची बोटीची राइड चुकवू नका. ते नाव पार्कवाल्यांनी काढलेलं नाही, गुजरातेत नर्मदेच्या खोऱ्यात हाडं सापडलेला खराखुरा डायनोसॉर आहे, 2003 मध्ये शास्त्रज्ञांनी त्याला हे नाव दिलं, रांगेत उभं असताना मुलाला सांगायला बरं.

एका दिवसात मात्र नको. पहाटे तीनला निघून, दिवसभर उन्हात फिरून, रात्री पुन्हा गाडी तुम्हीच चालवणार ना? आदल्या रात्री पुण्यात किंवा लोणावळ्यात नातेवाईक काढा एखादे, सकाळी खंडाळ्याचा घाट उतरून दार उघडायला हजर राहा. येताना पुण्यात पुन्हा मुक्काम, मुलगा गाडीत झोपलेला असेल, त्याला उठवून जेवायला घालायची तेवढी तयारी ठेवा.