दलालीचे 78 हजार वाचवावेत का?

प्रश्न: आम्ही दोघं पुण्यात वारज्यात भाड्याने राहतो. सिंहगड रस्त्यावर 78 लाखांचा रिसेलचा टूबीएचके पसंत पडलाय. तिथला एजंट एक टक्का मागतो. मालकाचा नंबर ॲपवर मिळतोय. थेट व्यवहार करावा का?

उत्तर: एक टक्का म्हणजे 78 हजार, एजंट जीएसटी लावत असेल तर 92,040. एवढे पैसे देताना हात आखडणारच. तरी माझं मत, द्या. पण कशासाठी देताय हे आधी ठरवा. कुलूप उघडून बाल्कनी दाखवण्याचे 78 हजार होत नाहीत.

सिंहगड रस्त्याचंच बघा ना. जुलै 2024 मध्ये खडकवासला धरणातून पाणी सोडलं आणि एकतानगरीत सोसायट्यांमध्ये पाणी शिरलं. जाहिरातीत अशा फ्लॅटला 'नदीकाठी, हवेशीर' म्हणतात! पाणी कुठल्या गल्लीपर्यंत चढलं, कुठल्या सोसायटीत उन्हाळ्यात टँकरची वर्गणी निघते, पार्किंग कागदावर आहे की नुसतंच 'आम्ही इथेच लावतो', कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन-इमारतीची मालकी बिल्डरकडून सोसायटीच्या नावावर, झालंय का, हे त्याच पट्ट्यात वर्षानुवर्षं घरं विकणाऱ्याला तोंडपाठ असतं. मालक ते आपणहून कशाला सांगेल? ॲपला तर माहीतच नसतं.

मात्र व्यवहार झाला तरच एजंटला पैसे मिळतात, आणि भाव चढा तर दलालीही चढी. म्हणून भावाबाबत त्याच्यावर विसंबू नका. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर त्याच इमारतीतल्या अलीकडच्या विक्रीचे इंडेक्स टू, म्हणजे नोंदलेल्या दस्तांचे गोषवारे, काढून बघा. शेजारचा फ्लॅट कितीला गेला ते कळेल. सर्च रिपोर्ट, म्हणजे मालकी आणि बोजा तपासल्याचा अहवाल, वकिलाकडूनच घ्या, आणि तो वकील एजंटच्या ओळखीतला नको. दलाली टोकनच्या, म्हणजे बयाण्याच्या वेळी देऊ नका. निम्मी दस्त नोंदवल्यावर, निम्मी ताबा मिळून सोसायटीत नाव लागल्यावर, असं आधीच लिहून घ्या. सोसायटीने ट्रान्सफरसाठी 25 हजारांवर 'देणगी' मागितली तर तिच्याशी भांडणंही एजंटच्याच गळ्यात घाला. (महापालिका हद्दीत ट्रान्सफर प्रीमियमची ती कमाल मर्यादा आहे.)

पैसे वाचवायचेच असतील तर मुद्रांक शुल्काकडे वळा. पुण्यात ते 7 टक्के आहे, घर फक्त बाईच्या नावावर असेल तर 6. म्हणजे 78 हजारच की! जोडीने नाव लावलंत तर सवलत गेली. नवऱ्याला कर्जात सहकर्जदार राहता येतं, मालक नसताना आयकरात व्याजाची वजावट मात्र मिळत नाही. तुम्ही नव्या करप्रणालीत असाल तर राहत्या घराला ती तशीही नाही, त्यामुळे तोटा शून्य. बँकेला हे चालेल का, ते टोकन द्यायच्या आधी विचारून घ्या.

आणि हो, मालकाला पैसे देताना एक टक्का टीडीएस, म्हणजे त्याचा आयकर, कापून सरकारकडे भरायचा आहे. विसरलात तर व्याज आणि दंड तुमच्याकडून वसूल होईल, मालकाकडून नाही.