थंड इंजिन आणि घाईचा हात

प्रश्न : टर्बोच्या विमानात थंड इंजिनाला थ्रॉटल (इंजिनाची ताकद कमी-जास्त करणारा खटका) झटकन देऊ नका, असं प्रशिक्षक बजावतात. का?

उत्तर : बरोबर बजावतात. ही इंजिनं दुरुस्त करण्यात माझी २० वर्षं गेली, म्हणून कळकळीने सांगतो.

१८,००० फुटांवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्मा असतो. ती तूट टर्बो भरून काढतो : एक्झॉस्टच्या झोताने टर्बाइन फिरतं आणि त्याच दांड्यावरचा कॉम्प्रेसर हवा दाबून आत ढकलतो. किती एक्झॉस्ट टर्बाइनला द्यायचा नि किती बाहेर सोडायचा, हे वेस्टगेट ठरवतं. बऱ्याच विमानांत ही झडप इंजिनाच्याच तेलाच्या दाबाने बंद होते. दाब उतरला की स्प्रिंग ती उघडते. वेस्टगेटचा कंट्रोलर तेल सोडून देतो, तेव्हाच दाब उतरतो.

खरी मेख इथेच आहे. थंड तेल घट्ट असतं, लवकर निचरत नाही. तुम्ही थ्रॉटल पुढे रेटलात तरी झडप मिटलेलीच राहते, एक्झॉस्ट टर्बाइनकडेच जात राहतो आणि मॅनिफोल्ड प्रेशर, म्हणजे इंजिनात शिरणाऱ्या हवेचा दाब, मर्यादेच्या लाल रेषेपार जातं. अशा ओव्हरबूस्टने इंजिनाचं खरंच नुकसान होतं. तेलाचं तापमान हिरव्या पट्ट्यात येऊ द्या, मग थ्रॉटल सावकाश द्या, नजर मॅनिफोल्ड प्रेशरच्या काट्यावर ठेवून. रेषा ओलांडलीच, तर लॉगबुकात नोंद करा आणि मेकॅनिकला सांगा, लपवू नका.