वाचकांचे प्रश्न : घरातील लहान रीफ टाकी

खाऱ्या पाण्यातील मासे आणि प्रवाळ घरी पाळण्याविषयी (अशा टाकीला रीफ टाकी म्हणतात) आलेल्या पत्रांतील निवडक प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. बहुतेक पत्रलेखकांनी माशांविषयी विचारले आहे आणि बहुतेक उत्तरे पाण्याविषयी आहेत. त्याला इलाज नाही.

प्रश्न : मी बरीच वर्षे गोल्डफिश आणि गप्पी पाळत आलो आहे. आता ३० लिटरच्या टाकीत समुद्री मासे व प्रवाळ ठेवून पाहावेत आणि जमले तर मोठी टाकी घ्यावी, असा विचार आहे. सुरुवात लहान टाकीने करणे बरे ना?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : गोड्या पाण्याच्या बाबतीत हा विचार काही अंशी चालून जातो, खाऱ्या पाण्यात मात्र टाकी जितकी लहान तितकी ती सांभाळणे अवघड. समुद्राच्या पाण्यात दर लिटरला सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात आणि प्रवाळांना हे प्रमाण दिवसेंदिवस जवळजवळ तेवढेच राहिलेले लागते. टाकीतून केवळ पाणी उडते, मीठ मागे राहते. ३० लिटरच्या टाकीतून एक लिटर पाणी उडाले की क्षारता ३५ वरून ३६च्या पुढे जाते, तर १०० लिटरच्या टाकीत तेवढ्याच घटीने ती ३५.४ च्या आसपास राहते. तापमान आणि अमोनिया यांचेही तसेच आहे. म्हणून जागा व खर्च परवडत असेल तर ६० × ४५ × ४५ सेंटिमीटरची टाकी घ्यावी. दगड आणि वरची मोकळी जागा वगळता तिच्यात सुमारे १०० लिटर पाणी राहते. काच, दगड आणि स्टँड धरून हे वजन दीडशे किलोच्या वर जाते, त्यामुळे टाकी खोलीच्या मध्यावर न ठेवता भिंतीलगत, शक्यतो खालून तुळई जात असेल अशा जागी ठेवावी.

उडालेल्या पाण्याची भर नेहमी गोड्या शुद्ध पाण्याने घालावी, मिठाच्या पाण्याने कधीही नाही. हे वाक्य प्रत्येक नवशिक्याला सांगितले जाते आणि तरीही बहुसंख्य टाक्यांतील पाणी पहिल्या दोन महिन्यांत खारटच होत जाते.

गोड्या पाण्याच्या अनुभवामुळे आणखी एका बाबतीत गफलत होण्याची शक्यता आहे. माशांच्या मलमूत्रातून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि नंतर नायट्रेट करतात. समुद्री टाकीचा पीएच ८.२ च्या आसपास असतो आणि त्या पीएचला अमोनियाचा विषारी अंश पीएच ७ च्या मानाने दहापटीहून अधिक असतो. गप्पींनी जे सहन केले ते समुद्री मासा सहन करणार नाही. म्हणून मासे आणण्याआधी दगड व वाळू घालून, अमोनियाचा थोडा पुरवठा करून, अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्यावर येईपर्यंत थांबावे. याला साधारणपणे चार ते सहा आठवडे लागतात. त्यानंतर काचेवर आणि वाळूवर तपकिरी थर चढतो, तो डायटम शैवालाचा असतो आणि बहुधा आपोआप ओसरतो. त्यासाठी औषधे ओतू नयेत.

प्रश्न : आमच्या घरापासून समुद्र चालत पाच मिनिटांवर आहे. मग विकतचे समुद्री मीठ कशाला? किनाऱ्यावरचे पाणी आणले किंवा मिठागरातले खडे मीठ विरघळवले तर काय बिघडेल?
— एक वाचिका, अलिबाग

उत्तर : यातील दुसऱ्या पर्यायाचे उत्तर आधी देते, कारण तो अधिक फसवा आहे. समुद्राच्या पाण्यातील क्षारांपैकी सुमारे ८५ टक्के भाग सोडियम आणि क्लोराइड यांचा असतो. उरलेल्यात सल्फेट, मॅग्नेशियम, कॅल्शियम आणि पोटॅशियम येतात. प्रवाळाचा सांगाडा आणि दगडांवरचे जांभळे शैवाल यांना हवे असते ते या उरलेल्या भागातले. मिठागरात पाणी आटत जाताना कॅल्शियमचा बराचसा भाग चुन्याच्या आणि जिप्समच्या रूपाने आधीच तळाशी बसतो, त्यानंतर साधे मीठ खड्यांच्या रूपाने येते, आणि मॅग्नेशियम शेवटी उरलेल्या कडवट पाण्यात राहून जाते. आगरी शेतकरी नेमके मधले तेवढे गोळा करतो. ते पाण्यात विरघळवून खारे पाणी मिळेल, समुद्राचे पाणी मिळणार नाही. स्वयंपाकाच्या मिठात त्याशिवाय आयोडीनयुक्त क्षार आणि मीठ मोकळे राहावे म्हणून घातलेली द्रव्येही असतात.

आता किनाऱ्याच्या पाण्याविषयी. समुद्राचे पाणी वापरणे तत्त्वतः चुकीचे नाही. किनाऱ्यावरच्या संशोधन केंद्रांतील टाक्या बहुधा त्यावरच चालतात, पण तेथे ते गाळून, निवळून आणि तपासून घेतले जाते. अलिबागसमोरच्या पाण्यात मुंबई बंदराचा आणि खाड्यांचा गाळ येतो, तेलाचा तवंग असतो आणि पावसाळ्यात नद्यांच्या पुरामुळे क्षारता एकाएकी खाली येते. ते पाणी लहान टाकीसाठी आणू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

रीफ टाकीसाठीचे तयार मीठ दर लिटर शुद्ध पाण्याला ३५ ते ३८ ग्रॅम लागते. पिंपात आधी पाणी घ्यावे, त्यात मीठ हळूहळू घालावे आणि पंप लावून रात्रभर फिरू द्यावे. रिफ्रॅक्टोमीटरवर (पाण्याचा खारेपणा मोजणाऱ्या उपकरणावर) विशिष्ट गुरुत्व १.०२५ ते १.०२६ दिसले म्हणजे पाणी तयार झाले. हे उपकरण अधूनमधून ३५ क्षारतेच्या प्रमाणित द्रावणाने तपासावे. दर आठवड्याला दहा टक्के पाणी बदलले तर १०० लिटरच्या टाकीला महिन्याला दीड किलोच्या आसपास मीठ पुरते. खर्चाची भीती वाटते तेवढी नाही.

प्रश्न : घरचे आरओ मशीनचे पाणी वापरले तर चालेल का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : मशीन कोणते आहे त्यावर ते अवलंबून आहे. पिण्याच्या आरओ यंत्रांत चवीसाठी काही नळाचे पाणी पुन्हा मिसळलेले असते किंवा खनिजांची नळी जोडलेली असते. हल्ली अनेक यंत्रांत पाण्यात तांबे उतरवणारी नळीही असते आणि तीच सर्वांत घातक आहे, कारण माणसाला उपकारक समजले जाणारे ते तांबे कोळंबी, शंख आणि प्रवाळ यांना अत्यल्प प्रमाणातही मारक ठरते. टीडीएस मीटरवर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणाऱ्या उपकरणावर) पाणी शून्य किंवा त्याच्या अगदी जवळ दिसले पाहिजे. मेम्ब्रेननंतर (आरओच्या मुख्य गाळणीनंतर) थेट पाणी काढून घेण्याची सोय तंत्रज्ञाकडून करून घ्यावी आणि पुढे उरलेसुरले क्षार काढून टाकणारी डीआय रेझिनची नळी जोडावी. पितळी तोटीतून पाणी घेऊ नये.

प्रश्न : आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये खोलीचे तापमान ३५ अंशांपर्यंत जाते आणि वीजही जाते. चिलरशिवाय (पाणी थंड करणाऱ्या यंत्राशिवाय) रीफ टाकी शक्य आहे का?
— एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : आपल्या गावी शक्य आहे, मुंबईत मात्र त्याहून कठीण; आणि याचे कारण हवेतील दमटपणा आहे. टाकीच्या पृष्ठभागावर आडवा लहान पंखा सोडला की बाष्पीभवन वाढते आणि पाणी थंड होते. मराठवाड्यात उन्हाळ्याची हवा कोरडी असल्यामुळे तोच पंखा जे काम करतो ते कोकणपट्टीच्या दमट हवेत होत नाही. २५ ते २७ अंश हे लक्ष्य ठेवावे. पाणी दिवसेंदिवस ३० अंशांच्या वर राहिले तर प्रवाळ आपल्या शरीरातील सूक्ष्म शैवाल बाहेर टाकू लागतात आणि पांढरे पडतात. त्यांचे बरेचसे अन्न त्या शैवालाकडूनच येत असल्याने असे प्रवाळ उपाशी मरतात. उन्हाळ्यात दिवे दुपारी बंद ठेवून संध्याकाळी लावावेत आणि पाण्याखालचे अनावश्यक पंप काढून टाकावेत, कारण त्यांची उष्णता पाण्यातच उतरते. चिलर घेतलाच तर तो बंद कपाटात ठेवू नये. तो पाण्यातून काढलेली उष्णता आजूबाजूच्या हवेतच सोडतो.

वीज गेल्यावर लोक तापमानाची चिंता करतात, पण त्याआधी प्राणवायू संपतो. खाऱ्या पाण्यात प्राणवायू गोड्या पाण्यापेक्षा सुमारे एक पंचमांशाने कमी मावतो आणि पाणी तापले की आणखी कमी होतो. वीज जाताच आपोआप सुरू होणारा बॅटरीचा हवेचा पंप ही या छंदातील सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित वस्तू आहे. इन्व्हर्टर असल्यास तो प्युअर साईन वेव्ह प्रकारचा, म्हणजे घरच्या विजेसारखाच प्रवाह देणारा असावा, अन्यथा काही पंप गुरगुरतात आणि तापतात. वीज नसताना खाद्य घालू नये.

प्रश्न : प्रवाळांना कॅल्शियम मिळावे म्हणून चुन्याची निवळी घालतात असे वाचले. पानाचा चुना वापरता येईल का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : आपण वाचले ते बरोबर आहे. कॅल्शियम हायड्रॉक्साइडची निवळी ही जुनी आणि चांगली पद्धत आहे, कारण तिच्यातून कॅल्शियम आणि अल्कलिनिटी (पाण्याची पीएच स्थिर ठेवण्याची क्षमता) दोन्ही प्रवाळाला लागतात त्याच प्रमाणात मिळतात. पानाचा चुना मात्र नको. तो कोणत्या दगडाचा किंवा शिंपल्यांचा आहे, त्यात आणखी काय मिसळले आहे हे कळत नाही, आणि तो ओला असल्याने वजनावरून काही ठरवता येत नाही. खाद्य दर्जाची कोरडी पूड घ्यावी. एक लिटर पाण्यात ती सुमारे दीड ग्रॅमच विरघळते. गाळ खाली बसू द्यावा आणि वरची निवळी रात्रीच्या वेळी थेंब थेंब सोडावी, कारण रात्री टाकीचा पीएच उतरलेला असतो. या निवळीचा पीएच १२ च्या वर असतो. ती एकदम ओतली तर लहान टाकी तासाभरात हातची जाऊ शकते. डोळ्यांनाही ती घातक आहे.

तथापि आपल्या पत्रात आपण फक्त मऊ प्रवाळ असल्याचे लिहिले आहे. ते कठीण सांगाडा बांधत नाहीत, त्यामुळे आठवड्याला पाणी बदलणे त्यांना पुरेसे असते. अल्कलिनिटी कधी घसरलीच तर खाण्याचा सोडा चालतो (बेकिंग पावडर नव्हे): १०० लिटर पाण्यात ३ ग्रॅम सोडा घातल्यास ती सुमारे १ डीकेएचने (डीकेएच हे अल्कलिनिटीचे एकक) वाढते. ८ ते ९ डीकेएच ठीक आहे. एका दिवसात १ पेक्षा अधिक वाढवू नये.

प्रश्न : मालवणला किनाऱ्यावर प्रवाळाचे सुंदर तुकडे मिळाले. ते टाकीत सजावटीसाठी वापरावेत का? शिवाय एक दुकानदार जिवंत प्रवाळ आणि समुद्रघोडे देण्यास तयार आहे.
— एक वाचिका, कोल्हापूर

उत्तर : दोन्हींना नकार द्यावा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत रीफ बांधणारे सर्व कठीण प्रवाळ, काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ, समुद्रपंखे आणि सर्व जातींचे समुद्रघोडे यांचा समावेश आहे. त्या अनुसूचीतील प्राण्यांबाबतच्या गुन्ह्याला किमान ३ वर्षे कारावासाची तरतूद आहे, आणि तुकडा मेलेला आहे किंवा लाटेने आणून टाकला आहे म्हणून तो आपला होत नाही. मालवणच्या पाण्याला १९८७ पासून सागरी अभयारण्याचा दर्जा आहे. मुंबईत किनारी रस्त्याच्या कामासाठी २०२० मध्ये वरळी आणि हाजी अली येथील प्रवाळ दुसरीकडे हलवायचे होते, तेव्हा महापालिकेलाही वन्यजीव कायद्याखालील परवानगी घ्यावी लागली.

‘हा परदेशी माल आहे’ हे दुकानदाराचे वाक्य पुरावा ठरत नाही. २०२२ च्या दुरुस्तीने सायटिस या वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरील करारातील प्रजातींसाठी वेगळी अनुसूची जोडली गेली आणि अशा जिवंत प्राण्यांची नोंदणी केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश संकेतस्थळावर करणे बंधनकारक झाले. शंका असेल तर पैसे देण्यापूर्वी वन विभागाला विचारावे.

मश्रूम प्रवाळ आणि झोअँथस (फुलांसारख्या झुपक्यांत वाढणारे प्रवाळांचे नातलग) यांसारखे मऊ जीव पहिल्या अनुसूचीच्या या यादीत नाहीत, रंगाने उणे नाहीत आणि नवशिक्याला अधिक क्षमाशील आहेत. केवळ त्यांची टाकीसुद्धा पुरेशी देखणी होते. कठीण प्रवाळांशिवाय रीफ नाही, हा छंदिष्टांतला समज मला पटत नाही. झोअँथस हाताळताना मात्र हातमोजे आणि चष्मा वापरावा, कारण त्यांच्या काही जातींत पॅलिटॉक्सिन हे अतिशय जहाल विष असते. असे जीव चिकटलेला दगड कधीही उकळू नये. वाफेतून विषबाधा होऊन घरातील माणसांना रुग्णालयात न्यावे लागल्याचे प्रकार जगभर नोंदले गेले आहेत.

प्रश्न : मुलीला क्लाऊनफिश हवा आहे. सोबत समुद्रफूल (सी ॲनिमोन) ठेवावेच लागते का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : नाही. टाकीत जन्मलेला क्लाऊनफिश समुद्रफुलाशिवाय आयुष्यभर सुखाने राहतो. समुद्रफूल मात्र टाकीत फिरते, पंपात अडकून फाटते आणि मरताना सारे पाणी नासवते. पहिले वर्षभर तरी ते आणू नये. मासे पैदास केंद्रातलेच मागावेत. भारतात मंडपम येथे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्यांच्या पैदाशीचे तंत्र विकसित केले आहे, त्यामुळे समुद्रातून पकडलेला मासा घेण्याचे कारण उरलेले नाही. दोन लहान पिल्ले एकत्र आणावीत. त्यांतले जे मोठे आणि दांडगे होईल ते पुढे मादी होते.

प्रश्न : गणपतीला आम्ही आठ दिवस गावी जातो. टाकीचे काय करावे?
— एक वाचिका, डोंबिवली

उत्तर : खाद्याची काळजी सोडावी. धडधाकट मासा चार-पाच दिवस उपाशी सहज राहतो, म्हणजे आठ दिवसांच्या मध्ये एकदा खाद्य मिळाले तरी भागते. शेजाऱ्यांकडे किल्ली देणार असाल तर एकेका दिवसाच्या चिमटीभर खाद्याच्या पुड्या बांधून द्याव्यात आणि उरलेला डबा लपवून ठेवावा, कारण प्रेमापोटी शेजारी नेहमीच जास्त घालतात.

खरा प्रश्न उडणाऱ्या पाण्याचा आहे. १०० लिटरमधून दररोज सव्वा लिटर गेले तरी आठ दिवसांत क्षारता ३५ वरून ३९ च्या जवळ पोहोचते. तरंगत्या झडपेवर चालणारे, आपोआप भर घालणारे साधन घ्यावे, पण ते जाण्याच्या आदल्या दिवशी न जोडता किमान दोन आठवडे आधी जोडून पाहावे. त्याच्या पिंपात दहा-बारा लिटरच पाणी ठेवावे. झडप अडकून सगळे पाणी टाकीत गेले तरी क्षारता ३१ च्या आसपास थांबेल आणि जीव वाचतील. मात्र तेवढे पाणी सामावण्याइतकी जागा टाकीत वर नसेल तर ते जमिनीवर येईल, म्हणून विजेचा बोर्ड टाकीच्या पातळीपेक्षा वर आणि प्रत्येक वायरीला खाली लोंबता वळसा (म्हणजे वायरीवरून ओघळणारे पाणी बोर्डात न जाता खाली टपकेल), हे निघण्यापूर्वी पाहून घ्यावे.