१९६४ च्या इम्पालाचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स मराठवाड्यात दुरुस्त होतो का?

तुमचा प्रश्न असा: आजोबांची १९६४ ची शेव्हरोले इम्पाला गंगाखेडच्या वाड्यात उभी आहे. रिव्हर्स नीट लागतो, पण डी मध्ये (पुढे जायच्या गिअरमध्ये) टाकली की इंजिन नुसतं रेस होतं आणि गाडी जागची हलत नाही. मिस्तरी म्हणतात, हा डबा काढून जीपचा साधा गिअरबॉक्स बसवा. काय करावं?

काढू नका. आधी मी कोण ते सांगतो, म्हणजे माझ्या शब्दाला किती वजन द्यायचं ते तुम्हाला ठरवता येईल. मी जालन्यात हायड्रॉलिकची कामं करतो. रोलिंग मिलचे पॉवर पॅक, जेसीबीचे सिलिंडर, ट्रॅक्टरची लिफ्ट. मोटारीचा गिअरबॉक्स हा माझा धंदा नाही. चार वर्षांपूर्वी अंबडकडच्या एका शेतकरी कुटुंबानं हुबेहूब तुमच्यासारखी गाडी माझ्या शेडमध्ये आणून लावली, कारण गिअरबॉक्सवाल्यांनी हात वर केले होते. तो डबा मी उघडला, नवीन माल घालून भरला, आणि गाडी आजही चालते. म्हणून सांगतो, याला माणूस शोधायचा तर गिअरबॉक्सवाला शोधू नका, हायड्रॉलिकवाला शोधा.

कारण हा डबा दातांवर चालत नाही, तेलाच्या दाबावर चालतो. ज्यानं शेतात ठिबक चालवलं आहे त्याला तो समजायला अवघड नाही. पुढे पंप, त्यामागे दाब बांधून ठेवणारा व्हॉल्व्ह, मग कोणत्या वाफ्याला पाणी सोडायचं ते ठरवणारे व्हॉल्व्ह. फिल्टर तुंबला किंवा मध्येच एखादी नळी फुटली की शेवटच्या ओळीला पाणी पोचत नाही आणि आपण मोटरीला दोष देतो. इथंही तसंच होतं. पुष्कळदा 'गेलेला' डबा गेलेला नसतो, कुठंतरी दाब गळत असतो.

तुमच्या गाडीत पॉवरग्लाइड नावाचा डबा असणार. शेव्हरोलेनं तो १९५० मध्ये आणला. आधी तो बिडाचा होता, १९६२ पासून ॲल्युमिनियमचा यायला लागला आणि १९७३ पर्यंत तोच चालला. खाली सरकून डब्याला लोहचुंबक लावा. चिकटलं तर जुना बिडाचा, नाही चिकटलं तर ॲल्युमिनियमचा. १९६४ च्या गाडीत ॲल्युमिनियमचाच हवा, पण साठ वर्षांत कुणी काय बदललं ते सांगता येत नाही, आणि एकाचं किट दुसऱ्याला बसत नाही. माल मागवायच्या आधी ही खात्री कराच.

त्यात पुढे जायला फक्त दोन गिअर आहेत, लो आणि हाय. लो साठी एक पोलादी पट्टी आहे, आतून फ्रिक्शनचं, म्हणजे घर्षणानं पकड घेणारं, अस्तर असलेली. तिला बँड म्हणतात. ती ड्रमभोवती आवळली की लो लागतो. हाय साठी प्लेटांचा एक क्लच, रिव्हर्ससाठी दुसरा. संपला डबा. म्हणून तुमचं दुखणं मला इथं बसून बरंचसं दिसतं. रिव्हर्स चांगला लागतो याचा अर्थ पंप दाब देतोय आणि टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे इंजिनाची ताकद तेलातून डब्याला देणारा गोल भाग, ताकद पोचवतोय. डी मध्ये गाडी उभ्या जागेवरून लो मध्येच उठते, म्हणजे संशय सरळ लो बँडवर जातो. एल मध्ये, म्हणजे दांडीच्या लो खुणेवर, टाकून बघा. तिथंही तसंच रेस झालं तर शंका उरत नाही.

त्याआधी एक क्षुल्लक वाटणारी गोष्ट तपासा. स्टिअरिंगखालच्या दांडीपासून डब्यापर्यंत जो लिंकेज रॉड जातो त्याचे बुश झिजलेले असतात. वर काटा डी वर दिसतो आणि खाली व्हॉल्व्ह अर्धवटच सरकलेला असतो. एकानं वर दांडी हलवायची, दुसऱ्यानं खाली झोपून डब्याचा लिव्हर खाचेत बसतो का ते पाहायचं. इंजिन बंद ठेवून.

लिंकेज ठीक असेल तर बँड. आणि इथं तुमचं नशीब चांगलं आहे, कारण या डब्यात बँड बाहेरून आवळता येतो. डब्याच्या डाव्या अंगाला टोपी घातलेला एक स्क्रू आणि त्यावर लॉकनट आहे. गिअर न्यूट्रलमध्ये, लॉकनट सैल करा, स्क्रू ७० इंच-पाउंडाला आवळा आणि तिथून बरोबर चार आटे मागे घ्या. स्क्रू पान्यानं धरून ठेवून मगच लॉकनट कसा, नाहीतर तो नटाबरोबर फिरतो आणि सगळी मेहनत वाया जाते. ७० इंच-पाउंड म्हणजे साधारण ८ न्यूटन-मीटर, मनगटाच्या जोराएवढं. फूट-पाउंडाचा पाना लावून ७० वर नेलात तर डबा तिथंच फोडाल. स्क्रू आत आत जातोय आणि आवळतच नाही असं झालं तर आतली टेकूची पट्टी निसटली किंवा तुटली आहे, किंवा बँडचं अस्तर संपलं आहे. आवळला, पण गाडी तरी उठेना, तर बँड दाबणाऱ्या पिस्टनचं सील बघा.

आता तेल. डिपस्टिक काढून पांढऱ्या कापडावर पुसा. लाल आणि पारदर्शक असेल तर उत्तम. काळं असून जळकट वास येत असेल तर फ्रिक्शन जळलं आहे. गुलाबी, दुधाळ लस्सीसारखं असेल तर रेडिएटरच्या टाकीतला तेलाचा कूलर आतून फुटलाय आणि पाणी मिसळलंय. ते पाणी फ्रिक्शनचा गोंद सोडवतं, मग डबा उघडण्यावाचून इलाज नाही. पातळी पाहायची ती इंजिन चालू, तेल गरम, गाडी सपाटीवर, गिअर न्यूट्रलमध्ये. कमी तेलाइतकंच जास्त तेलही वाईट. फिरते भाग ते घुसळतात, फेस होतो आणि फेसाला दाब धरता येत नाही.

अंबडच्या गाडीचं दुखणं तुमच्यापेक्षा वेगळं होतं. लो मध्ये छान उठायची, पण हाय पडायच्या वेळी इंजिन सुटायचं, मग धाडकन धक्का बसून गाडी ओढायची. शिवाय सायलेन्सरमधून पांढरा धूर. तीन ठिकाणी सांगितलं होतं की रिंगा गेल्या, इंजिन बांधा. मी आधी डब्याच्या मागच्या बाजूच्या व्हॅक्यूम मॉड्युलेटरची (इंजिनाला नळीनं जोडलेल्या छोट्या डबीची) रबरी नळी काढली. नळीच्या तोंडातून लाल तेलाचा एक थेंब तळहातावर पडला, मग दुसरा. इंजिनाला काही झालंच नव्हतं. मॉड्युलेटरमधला रबरी पडदा फाटला होता आणि इंजिन त्या नळीतून गिअरबॉक्सचं तेल पीत होतं. तेल कुठं गळताना दिसत नाही, तरी कमी होतंय, आणि धूर पांढरा, असं असेल तर ही नळी काढल्याशिवाय इंजिनाला हात लावू नका.

हा मॉड्युलेटर काय करतो ते समजून घ्या, म्हणजे गाडीत डिझेल इंजिन टाका असं कुणी म्हटलं तर ते का ऐकायचं नाही तेही कळेल. पेट्रोल इंजिनाच्या मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे हवा आत घेणाऱ्या नळीत, ओढ असते. पाय हलका असेल तर ओढ जास्त, पाय दाबला की कमी. त्यावरून डब्याला कळतं की किती जोर येतोय, आणि तो दाब तेवढा वाढवतो. डिझेलला ही ओढच नसते, म्हणून डिझेल टाकणारे डबाही काढून फेकतात. गिअर बदलायची वेळ मात्र दोन दाबांच्या झुंजीतून ठरते. गाडीच्या वेगाप्रमाणे गव्हर्नर एका बाजूनं व्हॉल्व्ह ढकलतो, ॲक्सिलरेटरच्या पायाप्रमाणे येणारा दाब समोरून त्याला अडवतो. वेग जिंकला की हाय पडतो. ना तार, ना कॉम्प्युटर. हे व्हॉल्व्ह जिच्यात बसतात ती व्हॉल्व्ह बॉडी पहिल्यांदा हातात घेतली तेव्हा मी कितीतरी वेळ तिच्या चाऱ्या बघत बसलो होतो. पाटाच्या चाऱ्या कोरून काढाव्यात तशी दिसते ती.

उघडावंच लागलं तर. अंबडच्या डब्यात हाय क्लचच्या प्लेटा कोळसा झाल्या होत्या आणि पिस्टनची ओठाची सीलं प्लास्टिकसारखी कडक. नखानं दाबलं तर तुकडा पडला. साठ वर्षांचं रबर आहे, गाडी चालवा की उभी ठेवा, ते कडक होणारच. माल अमेरिकेतून मागवला. तिकडे ड्रॅग रेसवाले आजही हाच डबा वापरतात, म्हणून प्लेटा, बँड, सीलं, बुश, मॉड्युलेटर, सगळं नवं मिळतं. कस्टम ड्युटी धरून हिशोब करा.

काम मे महिन्यात करू नका. आमच्याकडे ४२ अंशांत वावटळ उठते आणि फुफाटा बंद दारातूनही आत येतो. मी पावसाळा लागल्यावर, खोलीत ओली गोणपाटं टाकून काम केलं. भाग काढले त्या क्रमानं परातींमध्ये मांडले आणि प्रत्येक पायरीचा मोबाइलवर फोटो घेतला. पुसायला सुती चिंधी वापरू नका. तिचा एक धागा व्हॉल्व्ह अडकवायला पुरतो. रॉकेलनं धुवा आणि हवेनं सुकवा, पण कॉम्प्रेसरच्या टाकीतलं पाणी आधी सोडून द्या.

व्हॉल्व्ह बॉडीतला प्रत्येक स्पूल, म्हणजे आत सरकणारा व्हॉल्व्हचा दांडा, तेल लावून तिरपा धरला की स्वतःच्या वजनानं घसरला पाहिजे. अडकत असेल तर पॉलिश पेपर घासू नका. स्पूलच्या कडा मुद्दाम धारदार ठेवलेल्या असतात, त्या कचरा खरवडून काढतात. कडा गोल झाल्या की त्यांच्या फटीत कचरा शिरतो आणि व्हॉल्व्ह कायमचा बिघडतो. बोल्ट मधल्यापासून कडेकडे, थोडे थोडे, टॉर्क पान्यानं आवळा. एका कडेनं कसत गेलात तर बॉडी वाकते आणि सैल चालणारा स्पूल आवळल्यावर अडकतो. नव्या फ्रिक्शन प्लेटा आदल्या रात्री ट्रान्समिशनच्या तेलात भिजत घाला. छोट्या गोळ्या आणि वॉशर जागेवर चिकटवायला ग्रीस नको, साधं व्हॅसलीन वापरा. ते तेलात विरघळतं, ग्रीस गोळा होऊन चारी तुंबवतं.

माझी एकदा फसगत झाली. हाय क्लच भरला, हवेची चाचणी घेतली. क्लचच्या छिद्रात कमी दाबाची हवा सोडली की 'ठप' असा एकच आवाज यायला हवा. माझ्याकडे 'ठप' आला आणि मागोमाग बारीक फुसफुस. पोराला म्हटलं, पुन्हा सोड. फुसफुस होतीच. उघडलं तर सीलचा ओठ जवळजवळ इंचभर आत दुमडला होता. सील दाब येतो त्या बाजूला ओठ करून बसतं, आणि ते ड्रममध्ये उतरवताना पातळ फिलर गेज (फट मोजायची पोलादी पट्टी) फिरवत ओठ आत सारावा लागतो. दुसऱ्या वेळी तसं केलं. ही चाचणी न घेता डबा गाडीला लावला असता तर नव्या प्लेटा पहिल्याच फेरीत जळल्या असत्या.

आणि कन्व्हर्टर. तो डब्यावर चढवताना फिरवत फिरवत आत ढकला. एकापाठोपाठ एक टप्पे बसल्याचं हाताला कळतं, शेवटचा टप्पा पंपाचा. डबा इंजिनाला हातानं टेकला पाहिजे. फट राहिली आणि ती बोल्ट कसून मिटवली तर पंप फुटतो. नीट बसलेला कन्व्हर्टर उलट फ्लेक्स प्लेटपासून (इंजिनाच्या मागच्या पातळ चकतीपासून) तीन-चार मिलिमीटर मागेच राहतो, त्याला बोल्टांनी पुढे घ्यायचं.

बसवण्याआधी कूलरच्या नळ्या दोन्ही बाजूंनी धुवा. जुन्या क्लचचा सगळा कोळसा तिथं साचलेला असतो, आणि चालू केल्यावर तो थेट नव्या डब्यात येतो. आपल्या उन्हाळ्यासाठी मी रेडिएटरपुढे वेगळा छोटा कूलरही जोडला. तेल डेक्सरॉन जातीचं, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं, मिनरल घ्या. ट्रॅक्टरच्या लिफ्टचं तेल चालेल असं कुणी सांगेल, माझ्याच धंद्यातले सांगतील, पण ते घालू नका. फ्रिक्शनला घसरण्याचा आणि धरण्याचा जो अंदाज लागतो तो त्या तेलात नसतो.

तुमच्या वर्षाच्या डब्यात मागे दुसरा पंप असतो, चाकांवर फिरणारा, म्हणून या ऑटोमॅटिक गाड्या धक्का मारूनही चालू व्हायच्या. त्या भरवशावर आत्ता गाडी दोरीनं ओढून जालन्याला किंवा परभणीला नेऊ नका. आतली अवस्था माहीत नाही. प्रोपेलर शाफ्ट सोडा किंवा मागची चाकं उचलून न्या.

आधी लिंकेज, मग तेल, मग बँडचा स्क्रू, मग मॉड्युलेटरची नळी. एवढं एका रविवारी होईल. स्क्रू किती आटे आत गेला तेवढं मोजून इथं लिहा, बँड शिल्लक आहे की नाही ते मी त्यावरून सांगू शकेन.